वाडीचे तपेले

जुने भांडे विकत घेताना ते विकणाऱ्याच्या दारात पुसून पाहू नये, हे मला कोणी शिकवले नाही. ते मी स्वतःच शिकलो, आणि त्या शहाणपणाचा मला बराच काळ अभिमान होता. माळ्यावरून उतरवलेले तांब्याचे भांडे काजळीने इतके काळवंडलेले असते की घरच्यांनाही ते ओझेच वाटते. त्यावर ओले बोट फिरवले आणि खालची लाली जराशी वर आली, की विकणारी बाई थबकते. "राहू द्या, नाय विकायचं," म्हणते आणि भांडे उचलून आत नेते. म्हणून काळे भांडे काळेच घ्यावे, ताणकाट्याला लावावे, स्कूटरवर जुन्या ट्यूबने आवळून बांधावे आणि घरी आणून मगच घासावे. ही रीत मी नऊ वर्षे पाळली.

त्याआधी मी आसनगावच्या बाजूला एका कारखान्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांची मोजदाद करीत असे. तो बंद पडला तेव्हा मी पंचेचाळिशीत होतो. नवे काम मिळण्याचे ते वय नव्हे. घरखर्चासाठी आमच्या घरचे पितळी घंगाळ घेऊन मी शहापूरच्या पेठेतील एका गहाणाच्या दुकानात गेलो. शेठनी ते उचलून बोटाच्या पेराने वाजवले, कान लावला आणि म्हणाले, "बोलतंय हे. अजून असतील तर आणा."

शेठची अडचण पुढे मला कळली. पूर्वी पेरणीच्या आधी लोक भांडी गहाण ठेवीत. न सुटलेली भांडी दुकानाच्या मांडणीवर विक्रीला लागत. आता भांडे गहाण ठेवायला कोणी येत नाही, पण जुने तांबे-पितळ विकत घ्यायला मात्र मुंबईहून गाड्या येतात. कोणाला बंगल्याच्या दारात घंगाळ हवे असते, कोणाला रिसॉर्टच्या जिन्यावर समया. मांडणी रिकामी होत चालली होती, आणि ती भरून देणारा माणूस शेठना हवा होता. तो मी झालो.

हा व्यवसाय मला मनापासून आवडला, हे मी लपवणार नाही. धसईच्या बाजारात चहाच्या टपरीवर बसले की कोणाचे घर पाडून स्लॅबचे होणार आहे, कोणाच्या माळ्यावर काय आहे, हे सगळे समजत असे. म्हसा गावच्या जत्रेत मी खरेदी कधीच केली नाही, पण तिथे भेटलेल्या ओळखी वर्षभर पुरत. लोक घासाघीस करीत, टोमणे मारीत आणि चहा पाजल्याशिवाय सोडीत नसत. एका आजीबाईंनी मला भिंतीवरचे ठोक्यांचे घड्याळ विकले आणि पुढे तीन वर्षे, मी दिसलो की विचारत, "वाजतंय का रे ते? एक ठोका जास्ती देतं, सांगितलंस ना त्यांना?" एकदा शिवणयंत्र घेतले, तर त्याच्या सुईखाली अर्धवट शिवलेली झबल्याची बाही तशीच अडकलेली होती. मी ती उसवून परत नेऊन दिली. त्या बाईने ती नुसती हातात धरून ठेवली. असल्या वेळी मला वाटे की मी तसा बरा माणूस आहे.

शेठचा एक नियम होता. नाव घातलेले भांडे ते मांडणीवर ठेवीत नसत. "नावाचा मालक उद्या दुकानात येऊन उभा राहतो," म्हणत. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यावर नाव घालतातच, त्यामुळे माझ्या घरी एक कानस कायम असे. ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली आजोबा-पणजोबांची नावे मी कानशीने घासून काढीत असे. विकणाऱ्याने राजीखुशीने दिलेल्या वस्तूवरचे नाव पुसण्यात काही वावगे आहे, असे मला तेव्हा वाटले नाही.

त्या वर्षी वैशाखात, बुद्धपौर्णिमा पंधरा दिवसांवर असताना, मी धसईच्या पलीकडच्या एका बौद्ध वाडीतून चाललो होतो. एका घरातून नव्या सुनेने हाक मारली.

"काका, तुमीच भांडीवाले ना? आत या. हे घेऊन जा एकदाचं."

कोपऱ्यात एक प्रचंड तपेले उपडे घातले होते. वर पोती, पोत्यांवर कांद्याची टोपली. सून उल्हासनगरकडची, लग्नाला जेमतेम वर्ष झालेले. दुसऱ्या दिवशी घरात फ्रीज यायचा होता आणि त्याला जागा तेवढीच होती.

"घरात विचारलंत का?" मी विचारले. हा प्रश्न मी नेहमी विचारत असे. त्याने मनाला बरे वाटे.

"आई लेकीकडं गेल्यात, उंबरमाळीला. आल्या की खूशच होतील. रोज पाय आपटतो त्यांचा त्याला."

"लग्नकार्यातलं दिसतंय."

"लग्नाला आता केटरर येतो, काका. यात कोण शिजवतंय?"

ते कोणाचे आहे, एवढेच मी विचारायला हवे होते. एका घराला एवढे तपेले लागत नाही, हे मला समजत होते. पण विचारले असते तर उत्तर मिळाले असते, आणि उत्तर मिळाले असते तर तपेले मिळाले नसते. आम्ही दोघांनी ते उचलून स्कूटरवर बांधले. तिने वर मला कोकमाचे सरबत दिले.

घरी माझ्या पत्नीने ते अंगणात चिंचेचा कोळ आणि राख लावून घासायला घेतले. थोड्या वेळाने तिचा हात थांबला. काठाखाली ठिपक्यांची अक्षरे उमटली होती. तिने ती मोठ्याने वाचली: "बौद्ध समाज". पुढे वाडीचे नाव आणि खाली धर्मांतरानंतरच्या पहिल्या काही वर्षांतले साल.

"हे घरचं नाय," ती म्हणाली. "वाडीचं हाय. परत ठेवून या."

"उद्या बघू," मी म्हणालो.

सामायिक भांडे म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आमच्या गावातही गावकीची भांडी होती, देवळामागच्या खोलीत. कोणाच्या घरी लग्न निघाले की आम्ही तरुण मुले ती वाहून नेत असू, आणि उरकले की घासून परत ठेवीत असू. ती भांडी गावातल्या कोणत्या घरांना कधीच मिळाली नाहीत, हेही मला माहीत होते. माहीत असणे निराळे आणि त्याबद्दल बोलणे निराळे, अशा समजुतीत मी वाढलो आणि त्याच समजुतीत केस पांढरे केले.

दुसऱ्या दिवशी मी कानस घेतली. तांबे मऊ असते, फार वेळ लागत नाही. पत्नी आत भाकऱ्या थापीत होती. ती एकदाही बाहेर आली नाही. संध्याकाळी तपेले शेठच्या दुकानात होते आणि चांगला भाव आला होता.

त्यानंतर आठवड्याभराने भर दुपारी सत्तरीच्या एक बाई आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. धसईच्या टपरीवर ट्यूब बांधलेल्या स्कूटरवाल्याची चौकशी करीत, दोन एस.टी. बदलून त्या आल्या होत्या. उंबऱ्यापाशी टेकत त्या म्हणाल्या, "तूच का रे तपेलं नेणारा?"

"कुठलं तपेलं, मावशी? मी पुष्कळ भांडी घेतो."

"घेत असशील. ह्यात आक्ख्या वाडीची खीर व्हते. असली किती घेतलीस?"

मी म्हणालो की ते मोडीत गेले, आतापर्यंत वितळलेही असेल. हे बोलताना माझा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. मी कधी आवाज चढवीत नाही. खोटेही मी हळू आवाजातच बोलतो.

त्यांनी जरा विचार केला. "मंग मला भट्टी दाव. मी बगते."

तेव्हा पत्नी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. माझ्याकडे न पाहता ती त्यांना म्हणाली, "गेलं नाय मोडीत. शेठच्या दुकानात हाय. पानी प्या, मंग हे नेतील तुमाला."

पाणी पिऊन झाल्यावर त्या आपणहून बोलू लागल्या. जुन्या काळी गावकीची भांडी त्यांच्या वाडीला मिळत नसत. लग्नाचा भात घराघरांतल्या मडक्यांत थोडा थोडा शिजे आणि पंगतीत कोणाला कच्चा, कोणाला करपलेला येई. धर्मांतर झाल्यावर वाडीतल्या बायांनी रस्त्याच्या खडीवर काम करून, घरटी मजुरी बाजूला काढून हे तपेले घेतले. मुरबाडहून त्यांच्या सासूने आणि आणखी दोघींनी ते आळीपाळीने डोक्यावर आणले. तेव्हापासून ते त्यांच्याच घरी सांभाळायला होते. लग्नांना आता कोणी नेत नाही, पण बुद्धपौर्णिमेची खीर त्यातच होते.

"सून गुणाची हाय माजी," त्या म्हणाल्या. "तिला काय म्हाईत? मीच सांगितलं नाय. नव्या पोरीला पयल्याच वर्षी किती सांगायचं? पन पुनवेला तपेलं निगालं नाय का वाडी विचारनार. मंग जल्मभर तिला 'समाजाचं तपेलं इकनारी' म्हनतील. आमच्या वाडीत एकदा नाव पडलं का मेल्यावर पन उतरत नाय."

"मग काय करायचं, मावशी?"

"मी सांगनार, मी इकलं. म्हातारी हाय, चळली म्हनतील. चळलेलीला कोन इचारतंय? पन पोरीचं आयुष्य जायचं हाय तिथं. तू फकस्त तपेलं दे."

दुकानात गेलो तर मांडणीवरची ती जागा रिकामी. तपेले दोन दिवसांपूर्वीच माळशेजच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टने नेले होते. शेठनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"घासल्याची खूण बघितली मी. मला वाटलं, घरचं नाव असेल."

"समाजाचं होतं," मी म्हणालो.

"तुम्ही वाचलं होतं?"

मी मान हलवली. शेठ गल्ल्यावरून उठले. मग ज्यांनी दुपारचे जेवणही कधी शटर ओढून घेतले नाही, त्यांनी शटर ओढले. मांडणीवरची दोन घंगाळे आपल्या गाडीत ठेवली आणि त्या बाईंना म्हणाले, "माताजी, पुढं बसा." मला म्हणाले, "तुम्ही मागं. घंगाळं धरा."

रिसॉर्टच्या फाटकाशीच तपेले होते. त्यात माती भरून एक शोभेचे ताडाचे रोप लावले होते. व्यवस्थापक तरुण आणि सभ्य निघाला. एकाच्या बदल्यात दोन मिळताहेत म्हटल्यावर त्याने हरकत घेतली नाही. माळ्याने रोप उपटायला हात घातला, तशी बाई ओरडल्या, "आरं, आदी त्याची सोय कर! पानी घालून वाडवलंय कोनीतरी." मग घंगाळात माती भरून रोप नीट बसेपर्यंत आम्ही सगळे उन्हात उभे राहिलो. तपेले रिकामे झाल्यावर त्यांनी ते आडवे केले आणि बुडाशी हात फिरवला. पाणी झिरपायला म्हणून तळाला भोक पाडले होते. त्यांनी त्यात अंगठा घालून पाहिला. अंगठा आरपार गेला.

"आता ग बाई," एवढेच त्या म्हणाल्या.

येताना शेठनी त्यांना वाडीच्या तोंडाशी सोडले. उतरताना त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कल्हईला दिलतं म्हनून सांग. बाकीचं मी बगते. पन पोरीचं नाव घेशील तर बग."

कल्याणला एक म्हातारे तांबट अजून काम करतात. तपेले मी त्यांच्याकडे नेले. त्यांनी तळाला तांब्याचे ठिगळ बसवले, डाग दिला आणि आतून कल्हई केली. "जाळावर धरेल?" मी विचारले. ते म्हणाले, "धरायला पाहिजे." इतर वेळी हे उत्तर मला पुरले असते.

पौर्णिमेच्या सकाळी मी तपेले घेऊन वाडीत पोहोचलो. विहारासमोर तीन मोठे दगड मांडून चूल तयार होती. बाया नारळ खवीत होत्या, आणि त्यांत ती सूनही होती. तिने मला पाहिले आणि मान खाली घातली. वाडीतले एक वडीलधारे गृहस्थ, रेल्वेतून निवृत्त झालेले, पुढे आले.

"कुटं व्हतं हे?"

"कल्हईला दिलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी आत डोकावून पाहिले. "झकास झालीय." मग तपेल्याभोवती चालत ते काठाखालच्या घासलेल्या जागेपाशी थांबले. त्यावर त्यांनी तळवा ठेवला. "कल्हई आतून करतात. भायेरचं नाव कसं गेलं?"

मावशी घाईने पुढे आल्या. वाडी जमू लागली होती. गेल्या आठ दिवसांत मी मनाशी पुष्कळ वाक्ये जुळवली होती. त्यांतले एकही कामास आले नाही.

"मी घासलं," मी म्हणालो. "मी जुनी भांडी घेऊन गहाणाच्या दुकानात विकतो. हे घेतलं, घरी नेल्यावर नाव दिसलं, आणि नाव असलं तर विकलं जात नाही म्हणून कानशीने काढलं. कल्हईचं खोटं होतं."

"वाचलं व्हतंस?"

"वाचलं होतं."

"आनि मंग घासलंस."

"हो."

मागून एक बाई म्हणाली, "आमचं नाव पुसाया येवड्या लांबून आलास काय रे?" दोघी-तिघी हसल्या. मीही हसावे म्हणून त्या हसल्या असतील. मला ते जमले नाही.

"तुला दिलं कोनी?" वडीलधाऱ्यांनी विचारले.

मी काठाखालच्या त्या घासलेल्या जागेकडे बघत राहिलो.

"मी दिलं," मावशी म्हणाल्या. "मला पैसं पायजे व्हतं."

"आई, खोटं कशाला बोलता?" सून खवणी बाजूला सारून उभी राहिली होती. तिचे हात खोबऱ्याने पांढरे झाले होते. "तुमी उंबरमाळीला होतात. सगळ्या वाडीला माहितेय. मी दिलं यांना. मला माहीत नव्हतं कुणाचं आहे ते."

"म्हाईत कसं नाय गो?" ती मघाचीच बाई म्हणाली. "नाव व्हतं की चांगलं ठळक."

"काजळीखाली होतं, काकू. वर्ष झालं मला येऊन, तुमच्यातलं कोण आलं होतं घासायला?"

मावशींनी तिचा दंड धरला आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "हळू बोल गो, मोटी मानसं हायत." पण दंड सोडला नाही. वडीलधारे गृहस्थ खाली बघत होते. मला वाटते ते हसू दाबत होते, पण माझी खात्री नाही.

"गेल्या सालच्या पुनवेला कोनी घासलं व्हतं?" त्यांनी शेवटी विचारले. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. "कोनीच नाय. भायेरून तसंच ठेवलं. बरं." मग ते सुनेकडे वळले. "तपेलं तुमच्याच घरात ऱ्हाईल. पन आता म्हातारीकडं नाय, तुज्याकडं. जबाबदारी तुजी. पुनवेच्या आदी घासाया कोन कोन येनार, ती नावं पन तूच ठरवायची. ह्या काकूचं पयलं घाल."

"आनि परत घरात कायतरी आनलंस नि जागा नाय उरली, तर गो?" काकूने विचारले.

"मग तुमच्याकडं आणून ठेवीन, काकू. तुमचं घर मोठं आहे."

या वेळी सगळेच हसले, काकूसुद्धा. सून मात्र हसली नाही. ती पुन्हा खाली बसली, आणि मावशी तिच्या शेजारी जाऊन बसल्या. त्यांनी दुसरी खवणी ओढून घेतली.

वडीलधाऱ्यांनी मला निघ म्हटले नाही आणि बसही म्हटले नाही. चौघांनी तपेले चुलीवर चढवले, लाकडे सारली आणि दूध ओतले. मला आता त्या ठिगळाशिवाय काही दिसत नव्हते. ते सुटले असते, तर सगळ्या वाडीच्या देखत खीर राखेत गेली असती आणि पहिल्याच दिवशी ती सुनेच्या माथी आली असती. मी चुलीजवळ गुडघे टेकून, मान जमिनीपर्यंत वाकवून तपेल्याच्या बुडाकडे बघत राहिलो. धुराने डोळ्यांतून पाणी येत होते. दूध तापले, तांदूळ पडले, गूळ पडला. कोणीतरी माझ्या अंगावरून हात लांबवून लाकूड मागे ओढले. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही.

"ऊठ रे आता," वडीलधारे म्हणाले. "नाय गळत."

मी आणखी थोडा वेळ बघितले. मग उठलो.